मागून न आलेली हाक

पडदेवालीच्या पायांना त्या आठवड्यात भिंगरी लागली होती. मशीनवर बसायची, चार टाके घालायची, उठून खिडकीशी जायची, परत बसायची. सोमवारी नवऱ्याला कामावर हजर व्हायचं होतं आणि त्याला तिथवर नेणारी गाडी अजून मिळत नव्हती.

नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. अर्ध्या शहराचं हसू आपल्या हातचं आहे, अशी फुशारकी मारायचा. मग जिन्यावरून पडला, कंबरेखालचं अंग लुळं झालं आणि वर्षभर चाकाच्या खुर्चीत बसून त्याचं स्वतःचं हसू मात्र गेलं. त्याचा मालक भला माणूस. त्याने कामाचं टेबल खुर्चीच्या बेताने बुटकं करून घेतलं होतं. पण सोमवारी आला नाही तर दुसरा माणूस बघेन, हेही त्याने स्पष्ट सांगितलं होतं. बसला पायऱ्या, आणि टॅक्सीवाले खुर्ची दिसली की लांबूनच मान हलवत. म्हणजे मागच्या दाराने खुर्ची आत ढकलता येईल अशी जुनी व्हॅन हवी, आणि तीही पडद्यांच्या कमाईत बसणारी.

गाड्या बघायला सोबत तिचा दादा. भाव पाडण्यात दादाचा हात धरणारं घराण्यात कोणी नव्हतं. कपाळाला खोक पडली तेव्हा टाके घालणाऱ्या डॉक्टरांना त्याने "पाचांवर एक फुकट का?" असं विचारलं होतं, असं वहिनी शपथेवर सांगते.

"विकणारा बोलेल त्याच्या उलटं धरायचं," दादा शिकवायचा. "आणि शेवटी पाठ फिरवून चालू लागायचं. मागून हाक येतेच. हाक आली की समजायचं, खरा भाव आत्ता सुरू झाला."

हाका आल्याही. पहिल्या विकणाऱ्याने हाक मारली, पण त्याच्या व्हॅनमधल्या चटईखाली ओल होती. दुसऱ्याकडची प्रत्येक गाडी म्हणे एकाच निवृत्त मास्तरांनी जपून वापरलेली. एवढ्या गाड्या बाळगणारे मास्तर कुठल्या शाळेत होते, हे दादाने विचारलं तेव्हा तो घसा खाकरायला लागला. तिसऱ्याने तर पुन्हा पुन्हा हाका मारून भाव इतका खाली आणला की दादाच घाबरला. पडदेवालीचा जीव टांगणीला लागला होता. शुक्रवार उजाडला.

चौथा टायरच्या दुकानामागे, छोट्याशा आवारात. चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला, कपड्यांना ग्रीस. तिने मनातल्या मनात त्याला चष्मेवाला म्हणून टाकलं.

"इंजिन चांगलं आहे," तो व्हॅनच्या टपावर हात ठेवून म्हणाला. "मागून एकदा ठोकर बसलीय, दार बदललंय. उघडलं तर वर थांबत नाही, डोक्यात येतं. क्लच वर्षभरात काम काढेल. भाव काचेवर लिहिलाय. हवं तर तुमच्या मिस्त्रीला दाखवा, चावी देतो."

पडदेवालीने गळ्यातली टेप काढली. दादाला दार वर धरायला लावून तिने रुंदी मोजली, मग खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंतची आतली उंची. खुर्ची बसत होती, वर वीतभर जागा उरत होती. तिला एकदम हलकं वाटलं. कित्येक दिवसांत असं वाटलं नव्हतं.

"शेवटचा बोला," दादा म्हणाला.

"पहिला तोच, शेवटचा तोच."

दादाने तिला बाजूला ओढलं. "अगं, हा आपणहून खोट सांगतोय. म्हणजे मोठी खोट लपवतोय! मिस्त्रीला दाखवा म्हणे. मिस्त्रीही याचाच असणार. चल, फिरव पाठ."

तिने फिरवली. लहानपणापासून दादाने सांगितलं की ती फिरवत आली होती. दोघं चालू लागली. टायरचं दुकान मागे पडलं. तिचे कान मागे लागले होते, पण मागून नुसता हातोड्याचा आवाज येत होता. कोपऱ्यावर दादा थांबला आणि बांधलेलीच बुटाची नाडी सोडून परत बांधू लागला.

"मागे बघू नकोस," तो वाकूनच म्हणाला. "येईल हाक."

हाक आली नाही.

घरी नवऱ्याने टेबलावर हत्यारं मांडली होती. इवलाल्या कानशी, मेणाच्या सुऱ्या, ब्रश, सगळं पुसून लख्ख केलेलं. त्याने एवढंच विचारलं, "दार किती रुंद?"

"बसते खुर्ची."

"मग?"

"दादाने माझा नंबर दिलाय त्याला. म्हणतो, फोन करेल तो. भाव उतरवेल."

"आणि नाही केला तर?"

"मला काय माहीत!" ती वस्सकन अंगावर आली. एकेक हत्यार उचलून त्याने कापडात गुंडाळलं आणि गाठ मारली. ते बघून तिला स्वतःचाच भयंकर राग आला. रात्री फोन उशाशी घेऊन ती कुशी बदलत राहिली.

शनिवारी सकाळीच एक गिऱ्हाईक आलं. उंच टाचांची बाई, दिवाणखान्याचे पडदे हवे होते. पडदेवालीने भाव सांगितला. कापड कापताना शिवणीसाठी दोन बोटं जास्त सोडतात, तशी ती भावातही सोडायची. सगळेच सोडतात. बाईंनी नाक मुरडलं, पर्स उचलली आणि पाठ फिरवली. बाई उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि पडदेवालीच्या तोंडून सवयीने हाक गेलीच. "अहो बाई, या तर खरं! करू काहीतरी कमी."

हाक गेली आणि ती जागच्या जागी खिळली. आपण हाक मारू शकलो, कारण आपल्याकडे दोन बोटं शिल्लक होती. त्याच्याकडे नव्हती. त्याने शिवणीइतकंसुद्धा जास्त धरलं नव्हतं, मग तो हाक मारणार कशाच्या जोरावर? आणि आपण मात्र खऱ्या भावाला पाठ दाखवून, मोठ्या तोऱ्यात, घरी आलो.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तुमचं काम कमी भावातच करते. पण संध्याकाळी या. मला आत्ता जायचंय."

पैशांची पिशवी घेऊन ती निघाली. दादाला कळवलंच नाही. रस्त्यात प्रत्येक सिग्नल जणू तिच्याच वाईटावर होता. टायरच्या दुकानामागे पोचली तर तिच्या व्हॅनमध्ये, स्टिअरिंगवर हात ठेवून, एक आडदांड माणूस बसला होता.

चष्मेवाला त्याला सांगत होता, "मागून ठोकर बसलीय. क्लच वर्षभरात काम काढेल."

"एवढं सांगतोस म्हणजे अजून काहीतरी असणार," तो माणूस उतरत म्हणाला. पडदेवालीला वाटलं, दादाच बोलतोय. त्या माणसाने पाठ फिरवली. कोपऱ्यावर त्याचीही चाल मंदावली. चष्मेवाल्याने चष्मा काढला, बाहीला पुसला, परत घातला. माणूस दिसेनासा झाला.

"अहो, हाक का मारत नाही तुम्ही?" ती जवळजवळ ओरडलीच. तिचे डोळे भरून आले होते. "एक हाक मारायला काय जातं?"

"काल मारली असती तर तुम्ही काय समजला असतात?"

"भाव फुगवलेला होता, असं."

"मग?" तो म्हणाला आणि त्याने मागचं दार उघडलं. दार वर गेलं आणि वरच थांबलं. आतल्या बाजूला नवा लोखंडी दांडा होता, खटका असलेला. "तुम्ही रुंदी मोजलीत तेव्हा वाटलं सामान न्यायचं असेल. मग बसलेल्या माणसाची उंची मोजलीत."

"मी परत येईन हे कसं कळलं तुम्हाला?"

"नव्हतं कळलं. पण दार पडत होतं ना."

"दांड्याचे किती?"

"भाव काचेवर लिहिलाय."

तरी तिने आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे गाडी नेऊन दाखवली. तो खाली घुसला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "क्लच. वर्षभर चालेल." तिने परत जाऊन एक पैसा कमी न करता व्यवहार पुरा केला.

सोमवारी सकाळी दादा हजर. त्याने व्हॅनला प्रदक्षिणा घातली, टायरवर लाथा मारून पाहिल्या, चटईखाली नाक खुपसलं.

"किती खाली आणलास?"

नवऱ्याने मांडीवरची हत्यारांची गुंडाळी घट्ट धरली आणि बायकोकडे पाहिलं. खरं सांगितलं तर दादाचा दिवस नासणार होता. कितीतरी दिवस रजा टाकून तो तिच्याबरोबर उन्हातान्हात फिरला होता.

"दांडा फुकट दिला त्याने," ती म्हणाली.

"बघ! पाठ फिरवली म्हणून दिला!"

"हो दादा. तुझ्यामुळेच."

नवरा चक्क हसला. वर्षाने. म्हणाला, "मेव्हणे, माझ्या कवळ्यांचा भाव ठरवायला तुम्हीच या आता."

मागच्या दाराला टेकवलेल्या फळीवरून तिने खुर्ची वर ढकलली. चाकं कुरकुरली, नवऱ्याने मान खाली घातली. आत जाईपर्यंत तिला दिसलं नाही, पण वळून पाहिलं तर दांड्याने दार पक्कं धरून ठेवलं होतं आणि त्याच दाराखाली दादा दोन्ही हात वर करून, दात-ओठ खात उभा होता. दांड्यावर त्याचा विश्वास नव्हता.