एका भेटीत एकच तक्रार

पाटी एल्सा टेव्जने स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि लिहिताना तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं. ‘एका भेटीत एकच तक्रार.’ त्याखाली जरा बारीक अक्षरात, ‘बाकीच्यांचाही विचार करा.’ ही दुसरी ओळ तिची विशेष लाडकी. पहिल्या ओळीवर लोक भांडले असते. दुसरीवर कोण भांडणार? दवाखान्यात आलेला माणूस ती वाचून ओशाळायचा आणि आपली उरलेली दुखणी खिशात घालून घरी जायचा. चार वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

डॉक्टर म्हणून एल्सा वाईट नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तसं वाटायची वेळ येणार आहे. गावात पूर्वी तीन डॉक्टर होते. एक निवृत्त झाला, एक सस्काटून शहरात गेला, आणि दोन हजार माणसं एकट्या एल्साच्या गळ्यात पडली. कॅनडाच्या या सस्कॅचेवान प्रांतात पेशंटला डॉक्टरच्या हातावर काही ठेवावं लागत नाही, सरकारी विमा देतो. पण तो देतो भेटीमागे. एक तक्रार ऐका नाहीतर पाच ऐका, भेट एकच धरली जाते. पाच ऐकत बसणाऱ्याचा दवाखाना चालत नाही आणि बाहेरची रांगही सरत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी अशा पाट्या लागल्या होत्या. रोग्याचं ऐकू नका असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे आपापल्या पायांनीच तिथवर गेले होते.

गावातल्या बहुतेकांनी या पाटीला वळसा घालायच्या युक्त्या शोधल्या होत्या. डोकेदुखीच्या नावाखाली पाठ दाखवायची, मुलाला आणायचं आणि स्वतःचा खोकला काढायचा. स्टेफान प्रिस्तुपाला मात्र अशा युक्त्या सुचत नसत आणि कुणी सुचवल्या तर त्याला राग येई.

स्टेफान त्र्याहत्तर वर्षांचा. एकतीस वर्षं तो गावच्या धान्यकोठारावर वजनकाट्याशी बसला. सुगीत ट्रकांची रांग पार रेल्वेच्या फाटकापलीकडे जायची आणि हा पठ्ठ्या कुणाचा मुलाहिजा न ठेवता आधी आला त्याचं धान्य आधी मोजायचा. एकदा सख्ख्या मेव्हण्याने ट्रक मध्येच घुसवला, तर त्याने तो सगळ्यांदेखत मागे पाठवला. मेव्हणा पुढचे दोन नाताळ जेवायला आला नाही. बासष्ट साली सरकारी विमा आला आणि डॉक्टरांनी रागाने तीन आठवडे दवाखाने बंद ठेवले, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःचा दवाखाना उभा केला. चोवीस वर्षांचा स्टेफान त्यात सुतारकामाला होता. एल्साच्या खुर्चीखालची जमीन त्याने ठोकलेल्या फळ्यांची होती. घरच्या गाईबद्दल बोलावं तसा तो विम्याबद्दल ‘आपली योजना’ म्हणून बोलायचा.

मार्चमध्ये तो आला तेव्हा काउंटरवरच्या रूबीने नेहमीसारखी त्याची फिरकी घेतली.

“काय स्टेफान, आज काय विकायला आणलंत?”

“कान,” तो म्हणाला. “आमची ही, ओल्गा, म्हणते मी बहिरा झालो. मी म्हणतो, ऐकण्यासारखं बोल, मग बघू.”

एल्साने त्याच्या दोन्ही कानांतला मळ कोमट पाण्याने काढला. वर्षानुवर्षांचा होता. म्हातारा लहान मुलासारखा खूश झाला. “अरे देवा, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे होय!” त्याने टोपी घातली, तो दारापर्यंत गेला, आणि दाराची मूठ धरून थांबला.

माणूस ज्या गोष्टीसाठी खरा आलेला असतो ती तो दाराच्या मुठीवर हात ठेवून सांगतो. कुठल्याही डॉक्टरला हे शिकवावं लागत नाही. एल्सालाही ते ठाऊक होतं.

“डॉक्टर,” त्याने खिशातून पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी अर्धी बाहेर काढली. “अजून एक बारीकसं होतं.”

त्याचा चेहरा लाल झाला होता. एल्साला तो दिसला. तिने हसून हातातल्या पेनने पाटीकडे खूण केली. “पुढच्या वेळी. रूबीकडून दिवस घ्या.”

त्याने पाटी पहिल्यांदाच वाचावी तशी सावकाश वाचली. चिठ्ठी परत खिशात गेली. “बरोबर आहे. माफ करा हं. बाहेर माणसं खोळंबलीत.”

पुढचा दिवस त्याला एप्रिलअखेरचा मिळाला. तो त्याने सोडून दिला, कारण त्या दिवशी काउंटरवर एक तरुण आई तापलेलं पोर घेऊन रडकुंडीला आली होती. मग जून उजाडला. जूनमध्ये त्याने गुडघा दाखवला. एल्साने गोळ्या दिल्या. दाराशी तो थांबला नाही. आता त्याला नियम पाठ झाला होता.

सप्टेंबरमध्ये तो तिसऱ्यांदा तिच्या खोलीत आला. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. खुर्चीत बसून, जमिनीकडे बघत, त्याने शौचातून रक्त जात असल्याचं सांगितलं.

“कधीपासून?”

“फेब्रुवारी.”

एल्साने पेन खाली ठेवलं. “फेब्रुवारी? अहो, मग आधी का नाही बोललात? दोनदा येऊन गेलात तुम्ही!”

त्याने चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. घड्यांवर ती फाटायला आली होती. एक, कान. दोन, गुडघा. तीन, रक्त.

“पण हे सगळ्यात आधी सांगायचं!”

“आधी कसं?” स्टेफान न रागावता, समजूत घालावी तसं म्हणाला. “कान दोन वर्षांपूर्वीचा. गुडघा गेल्या सुगीतला. रक्त सगळ्यात शेवटी आलं. त्याला मध्ये कसं घुसवणार? आणि मार्चमध्ये मला वाटलं होतं, घुसवून बघावं. तुम्ही नको म्हणालात ते बरोबरच होतं.”

पुढचं सगळं ठरलेल्या क्रमाने झालं. सस्काटूनला तपासण्या, शस्त्रक्रिया, आणि नोव्हेंबरच्या शेवटी सर्जनचं पत्र. आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचला होता. आता कापून काढून उपयोग नव्हता. पत्राच्या तळाशी सर्जनने लिहिलं होतं, ‘लक्षणं फेब्रुवारीपासून, पेशंटने दाखवायला उशीर केला.’

ते वाक्य वाचून एल्साला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. आणि आपल्याला असं वाटू शकलं हे लक्षात आल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण मार्चमधला तो दिवस तिला लख्ख आठवत होता. स्टेफाननंतरच्या बाईने आयत्या वेळी फोन करून येणं रद्द केलं होतं, आणि रूबीने तसा निरोप स्टेफान आत असतानाच कागदावर लिहून आणून दिला होता. एल्साने पाटीकडे खूण केली तेव्हा तो कागद तिच्या समोर होता. बाहेर कुणी खोळंबलं नव्हतं. म्हातारा गेल्यावर तिने खिडकीशी उभं राहून, गाड्यांवरून बर्फ खरवडणाऱ्या लोकांकडे बघत, निवांत कॉफी प्यायली होती. पंधरा मिनिटं.

विम्यामुळे झालं, डॉक्टर कमी म्हणून झालं, हे सगळं खरं होतं आणि कुणापुढेही मांडता आलं असतं. ती पंधरा मिनिटं मात्र कशातच बसत नव्हती. ती तिची एकटीची होती.

“रूबी, ती पाटी काढ,” ती म्हणाली.

रूबीने पाटी काढली. भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन उरला. “काढली. पण डॉक्टर, लोक अजून एकेकच सांगणार बघा. चार वर्षं आपणच पढवलंय त्यांना.”

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी एल्सा प्रिस्तुपांच्या घरी गेली. जाताना गाडीत तिने वाक्य तयार केलं होतं. मार्चमध्ये माझ्याकडे वेळ होता आणि तरी मी तुम्हाला परत पाठवलं. एवढंच. मग ते शिव्या देवोत, काय वाटेल ते करोत.

स्टेफान पुढच्या खोलीत आरामखुर्चीत, पायांवर गोधडी घेऊन टीव्हीवर कर्लिंगचा, बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाचा, सामना बघत होता. अर्धा झाला होता माणूस.

“डॉक्टर! तुम्ही घरी? योजनेत हे बसतं का?”

“नाही बसत,” ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली. “स्टेफान, मला तुमच्याशी बोलायचं होतं. मार्चबद्दल. ही सगळी पद्धतच अशी आहे, की... म्हणजे एका डॉक्टरवर एवढी माणसं, वेळ पुरत नाही, त्यात माणसाचं ऐकणंच राहून जातं...”

आपल्या तोंडून काय निघतंय ते तिला ऐकू येत होतं. एकेक शब्द खरा होता आणि सगळे मिळून खोटं बोलत होते.

“हे बघा,” स्टेफानने हात वर केला. “आपल्या योजनेला तुम्ही नावं ठेवू नका, माझ्या घरात तरी. तुम्ही एकट्या किती करणार? नियम सगळ्यांना सारखा. मी एक शब्द बोललो का? नाही ना? झालं तर मग.”

झालं तर मग. किती सहज सोडलं त्याने. आता उठून गेलं तरी चालण्यासारखं होतं, आणि एल्सा उठलीसुद्धा. तिला स्वतःची किळस आली, तरी ती उठलीच.

स्वयंपाकघरातून बाहेर पडायचा रस्ता होता. तिथे ओल्गाने कॉफी ओतून ठेवली होती, शेजारी खसखशीचा केक. ठेंगणी, काटक बाई. तिने दार अर्धं लोटून घेतलं.

“डॉक्टर, मला एक विचारायचं होतं. पण आज तुम्ही त्याच्यासाठी आलाय. माझं पुढच्या वेळी सांगते, रूबीकडून दिवस घेऊन.”

एल्सा खुर्ची ओढून बसली. “आत्ता सांगा. सगळं सांगा.”

“सगळं?” ओल्गाने बोटं पुढे केली आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. “पहिलं म्हणजे माझी डावी टाच, ती दोन वर्षांपासून...”

“नाही. शेवटचं आधी.”

ओल्गाने बोटं मिटली. टेबलावरचा केकचा चुरा तिने तळव्याने एका जागी गोळा केला.

“झोप लागत नाही,” ती म्हणाली. “त्या पत्रानंतर डोळ्याला डोळा नाही. मार्चमध्ये, डॉक्टर, त्याला कान आधी दाखव म्हणून मीच सांगितलं होतं. मला मेलीला ओरडावं लागायचं, त्याचा कंटाळा आला होता. त्याने मला चिठ्ठी दाखवली होती. रक्त त्यात होतं. मी म्हटलं, ते मूळव्याधीचं असेल, कान बघ आधी. मी मारलं त्याला. कुणाला सांगू हे? त्याला कसं सांगू?”

पुढच्या खोलीत टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत होते.

एल्साला वाटलं, आत्ता जर आपण गप्प बसलो तर ही बाई आपण केलेलं पाप मरेपर्यंत स्वतःच्या पाठीवर घेऊन फिरेल. आणि तरी तोंड उघडायला तिला वेळ लागला. ती आवाज अगदी खाली आणून, ओल्गाच्या हातांकडे बघत बोलली.

“ओल्गा, तुम्ही नाही. ते नुसते कान दाखवून गेले नव्हते. दारात थांबले होते. चिठ्ठी काढली होती. अजून एक आहे म्हणाले. त्यांचा चेहरा मी बघितला, मला कळलं की काहीतरी आहे. मी पाटी दाखवली.”

“पण बाहेर लोक...”

“बाहेर कुणी नव्हतं. पुढची बाई येणार नव्हती, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. पंधरा मिनिटं मोकळी होती माझ्याकडे. मी कॉफी प्यायले.”

ओल्गाने तिच्याकडे बघितलं. मग तिच्यासमोरच्या कपाकडे बघितलं. तिने तो कप उचलला नाही, ढकलला नाही. फक्त आपले हात टेबलावरून काढून मांडीत घेतले. एल्साला वाटलं, हिने एक थोबाडीत मारावी. ओल्गा रडायला लागली, आवाज न करता. ते ओझं उतरल्याचं रडणं होतं, की नवीन काही कळल्याचं, ते एल्साला समजेना, आणि विचारायचा अधिकार तर तिला नव्हताच.

तेवढ्यात पुढच्या खोलीतला टीव्ही बंद झाला.

एल्साची मान वर झाली नाही. अर्ध्या उघड्या दारापलीकडे म्हातारा होता, आणि तिने आवाज खाली घेतला होता तो त्याला कमी ऐकू येतं या जुन्या समजुतीने. त्याला आता भिंतीवरचं घड्याळसुद्धा ऐकू येत होतं. दोन्ही कान तिनेच मार्चमध्ये साफ करून दिले होते.

मग स्टेफानचा आवाज आला. राग असेल तर तो त्यात दिसत नव्हता, माया असेल तर तीही नाही. वजनकाट्यावरून पुढच्या ट्रकला हाक मारताना लागायचा तसा तो आवाज होता.

“ओल्गा, डॉक्टरना जाऊ दे आता. बाकीचे खोळंबले असतील.”