झाडावरची निळी चिंधी

ब्रोनाने लोर्कनच्या हातातली थापी ओढून घेतली आणि गवतात भिरकावली.

"माझ्या पोरीची चिंधी कुठंय?"

लोर्कन गुडघ्यांवर बसूनच वर बघत राहिला. डब्लिनहून आलेला हा माणूस उन्हाळाभर विहिरीशेजारची माती खरवडत होता. शेकडो वर्षांपूर्वी हरवलेलं प्रार्थनाघर सापडलं म्हणून त्याला कोण आनंद! सापडलं काय, तर दगडांची एक ओळ. त्या दगडांसाठी दोऱ्या बांधल्या, फलक लावला, आणि आता काटेझाडावरची निळी चिंधी गायब. ब्रोनाचं डोकंच फिरलं.

"मी झाडाला हातही लावलेला नाही. गावकऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलंय मला."

"काय बजावलंय? बोला!"

"या पाण्यात भिजवून डोळ्यांवरून फिरवलेली चिंधी झाडाला बांधतात. ती कुजत जाईल तसं दुखणं जातं. मधेच जो सोडेल, दुखणं त्याला लागतं." तो कसनुसा हसला. "मला माझे डोळे हवेत, बाई. वाऱ्याने उडाली असेल."

"तीन गाठी मारल्या होत्या मी! वारा गाठी सोडतो का?"

उद्या गॉलवेच्या इस्पितळात डर्वलाचं ऑपरेशन होतं. एक डोळा गेलाच होता, दुसरा वाचतो का बघायचं होतं. नवऱ्याला पोरीपाशी बसवून ब्रोना फक्त चिंधी बघायला गावी आली होती.

ती घरी आली तेव्हा सासरा चुलीपाशी बटाटे सोलत होता. मॅलकी एकदाही इस्पितळात फिरकला नव्हता. त्याला बघून तिचा उरलासुरला तोल गेला.

"नात आंधळी होतेय, आणि तुम्ही बटाटे सोलताय! एकदा तरी विचारलंत, पोरगी कशी आहे म्हणून?"

"चहा ठेव," म्हातारा म्हणाला.

"चहा? दगड बरा तुमच्यापेक्षा, बाबा!"

तिने त्याच्या मांडीवरचं भांडं हिसकावलं. धक्क्याने त्याचा कोट उघडला. आतल्या खिशातून निळ्या कापडाचं टोक बाहेर आलं. डर्वलाच्या जुन्या फ्रॉकचं कापड. तिन्ही गाठी नीट सोडवलेल्या होत्या.

मॅलकीने घाईघाईने खिशावर हात ठेवला.

"माझं बघून झालंय सगळं," तो म्हणाला. "तिचं अजून काहीच बघून झालेलं नाही."

ब्रोनाने भांडं खाली ठेवलं.

"शर्ट काढा."

"काय?"

"काढा म्हणते ना! कोणाला विचारून केलात हा उद्योग?"

म्हातारा बटणांशी चाचपडू लागला. तेवढाही धीर तिला नव्हता. तिने शर्टाचं खालचं टोक धरलं आणि टर्रकन एक पट्टी फाडली.

"उठा. चला विहिरीवर," ती दारात जाऊन म्हणाली. "आणि या गाठीला हात लावलात, तर याद राखा."