डुफीबाईंच्या कपाटांची भोकं

मी ड्रिल मशिनचा दात बोलतोय. सुतार मला बिट म्हणतात. पाच मिलिमीटर जाडीचा, अस्सल पोलादी. कुमासी शहराच्या बाजारात ब्रेम्पाँग नावाच्या सुताराने मला उचललं आणि माझं नशीब फुटलं.

माणूस म्हणजे नुसता तोंडाचा पट्टा! “मोजपट्टी नवशिक्यांना लागते,” म्हणायचा आणि अंदाजाने मला दारात खुपसायचा. मागे फळकूट लावायचा नाही. मी पलीकडे निघालो की टवके उडायचे. मग म्हणायचा, “बिटच भिकार!” मला धार त्याने कधी लावली नाही. जिभेला मात्र रोज लावायचा.

एकदा आम्ही डुफीबाईंकडे गेलो. चाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई. आता नजर जवळजवळ गेलेली. स्वयंपाकघरातल्या नव्या कपाटांच्या नऊ दारांना हँडलं बसवायची होती.

“सगळी एका उंचीवर हवीत बाबा,” त्या म्हणाल्या. “मला हातानेच शोधायचीत. सून म्हणते, आता चुलीकडे फिरकू नका.”

“निवांत बसा, आई,” ब्रेम्पाँग म्हणाला. त्याची बहीण अफ्रिये, तीही सुतारच, सोबत होती. तिच्या कानात तो कुजबुजला, “हिला दिसतंय कुठे? वर-खाली झालं तर कोण बघणार?”

“मी बघतेय ना, दादा.”

“तू दारं पूस.”

त्याने तीन दारांना आतून भोकं पाडली. दर्शनी बाजूला टवकेच टवके! डुफीबाईंनी हात फिरवला. बोटात कुसळ घुसलं. त्यांनी ते शांतपणे उपटलं.

“डोळे गेलेत रे, बोटं नाही गेली. हे एक बोट वर, ते दोन बोटं खाली. या हातांनी अंधारात बाळं सोडवलीत मी.”

“बिट बोथट आहे, आई.”

“आणि बिट कोणाचं?”

हे ऐकून मला काय गार वाटलं!

अफ्रियेने मशिन हिसकावून घेतलं. मला घासून धार लावली. चुकलेल्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकून ती बुजवली, सगळी भोकं एका मापात पडावीत म्हणून प्लायच्या तुकड्याचा फर्मा केला. “दादा, मागे फळकूट धर. घट्ट.” त्याने निमूट धरलं. उभ्या आयुष्यात तो उपयोगी पडला तो तेवढाच. मी सावकाश फिरलो आणि भोकं पडली ती गोल, स्वच्छ.

हँडलं बसल्यावर डुफीबाईंचा हात नऊ दारांवरून चालत गेला, कुठेही न चाचपडता. पातेलं काढलं, पामच्या फळांचा रस्सा चुलीवर चढवला. सून उंबऱ्यात येऊन थबकली.

“आई, मीठ मी बघू?”

“मीठ मला कळतं. तू बस, वाढते.”

आता मी अफ्रियेकडे असतो, तेलाच्या फडक्यात. घासून घासून आखूड झालोय, पण मानाने. ब्रेम्पाँगने नवं बिट घेतलंय. त्या बिचाऱ्याची कीव येते. एवढंच विनवतो, ब्रेम्पाँग तुमच्या दारी आला, तर पाहुणा म्हणून पाणी पाजा आणि वाटेला लावा.