करडईचा वास

“वैनी, ह्यो खिळा नीट धरा. धुळीत पडला तर आज फटफटी न्हाई, बैलगाडीच जुंपा.”

आसारामने हात न पुसताच तो बारका खिळा माझ्या पदरात टाकला. अंगणात पोतं अंथरून त्यावर त्याने फटफटीचे अवयव मांडले होते. निम्म्यांची नावं त्यालाही ठाऊक नव्हती. एकाला तो घंटी म्हणे, एकाला बोंडूक.

ओसरीवर, सावलीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेला पत्र्याचा डबा होता. सकाळच्या गाडीने तो हैद्राबादहून आला होता. डब्यात लाकडाचा भुसा, भुशात काचेच्या नळ्या आणि नळ्यांत देवीची लस. आमचे हे मधूनमधून येत, फडक्यावर पाणी शिंपडत, आभाळाकडे बघत आणि परत आसारामजवळ जाऊन उभे राहत. चैत्र होता. ऊन अजून भिंतीवरच होतं, पण ते खाली उतरताना दिसत होतं.

ही गोष्ट पोलीस ॲक्शनच्या नऊ-दहा वर्षं आधीची. आम्ही परळीला राहायचो. आमचे हे, म्हणजे मुंजाजीराव, निजाम सरकारचे देवी टोचणारे. लोक त्यांना देवीडाक्टर म्हणत, पण ते डाक्टर नव्हते. उर्दू चार इयत्ता शिकले होते, हात हलका होता, एवढंच. गावोगाव पायी जायचं, पोरांच्या दंडावर ओरखडे काढून लस भरायची, आठव्या दिवशी परत जाऊन दंडावर फोड उठला का ते बघायचं. फोड उठला की दंड धरला. त्या पोराला देवीची भीती राहिली नाही.

आदल्या वर्षी याच दिवसांत ते माझ्या माहेरी, जांभुळदऱ्याला, गेले होते. नऊ कोस डोंगरातली वाट, खांद्यावर डबा, वर ऊन. लस वाटेतच मेली. एकाही पोराचा दंड धरला नाही. लोक म्हणाले, “जावायानं सरकारचं पाणी टोचलं.” त्यांनी ते हसून ऐकून घेतलं, पण घरी आल्यावर दोन दिवस नीट जेवले नाहीत.

म्हणून ही फटफटी. रेल्वेच्या पुलाचं काम संपवून निघालेल्या एका ठेकेदाराने जाताना ती स्वस्तात दिली. दोनदा ती झोकात चालली. तिसऱ्या दिवशी चामड्याचा पट्टा तुटला, आणि इंजिन खोकून बंद पडलं. सोलापूरच्या मिस्त्रीने नुसतं येऊन बघायचे जेवढे मागितले, तेवढ्यात तर अख्खी गाडी आली होती. मग आसाराम. तो कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन चालवायचा. “इंजिन ते इंजिन. ते बसून काम करतंय, हे पळतंय,” असं म्हणून त्याने गाडी खोलली. पट्टा त्याने मोट शिवणाऱ्या रामहरीकडून मोटेच्याच चामड्याचा शिवून आणला होता.

आणि त्याच आठवड्यात जांभुळदऱ्याला देवी आल्याचा निरोप आला. माझी धाकटी बहीण छबू तिथेच दिलेली. तिचं पोरगं दहा महिन्यांचं.

“आता तेल,” आसाराम पट्टा चढवून म्हणाला. “यंत्राचं तेल जिनिंगात हाय, पर कुलपात हाय. मालक गेलाय हैद्राबादला. तवा एरंडेल आणा. अस्सल.”

सासूबाई, म्हणजे सुंदरबाई, उंबऱ्यात बसून सगळं बघत होत्या. “एरंडेल? माझं एरंडेल त्या लोखंडाला पाजता? त्याला काय जंत झाल्यात व्हय रं?”

“जंतच समजा, आजी. पाजल्याशिवाय ते उठायचं न्हाई.”

“मंग त्याच्या पोटावर शेकबी द्या म्हणावं.”

आसाराम हसला, हे हसले नाहीत. माझ्याकडे वळून आसाराम म्हणाला, “वैनी, ह्या डब्याच्या काठापस्तोर भरून आणा. आन् ध्यानात ठिवा, एरंडेलच. करडई न्हाई. करडई तापली की तिचा डिंक होतोय.”

मी आत गेले. सासूबाईंची बाटली उपडी केली. डबा निम्मासुद्धा भरला नाही. शेजारी दोन घरी विचारलं. एकीकडे नव्हतं, दुसरीकडे घोटभर मिळालं. बाहेरून ह्यांचा आवाज आला, “झालं का? ऊन पायरीला आलं!”

बाहेर जाऊन ‘एरंडेल पुरत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग कोणीतरी बाजारात जाणार, तेली दुकान उघडणार, तासभर जाणार. माझ्या डोळ्यांपुढे छबूचं पोरगं होतं. आमच्या घरात तेल म्हणजे करडईचंच. तेलाचा बुधला चुलीमागे होता. म्हटलं, तेल ते तेल. डबा काठोकाठ भरला आणि बाहेर नेऊन दिला. आसारामने बोट बुडवलं, पण त्याची बोटं आधीच इतकी माखली होती की त्याला काय कळणार?

गाडी उठली. सगळी गल्ली गोळा झाली.

“लशीचा डबा कोन धरंल?” ह्यांनी विचारलं. “मागं बांधला तर नळ्या फुटतील.”

“मी धरते,” मी म्हणाले.

“आगं बया!” सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. “गावापुढं नवऱ्याला कवळून बसनार व्हय गं, मनकर्णे?”

“डबा कवळून बसंन, आत्याबाई.”

मागच्या लोखंडी जाळीवर वाकळेची घडी टाकून मी बसले. डोक्यावरून पदर, मांडीवर ओला डबा. गाडीच्या टाकीला हातपंप होता; कोस-दीड कोसाला तो एकदा दाबून इंजिनला तेल द्यावं लागे. हे मोजून दाबत होते. पहिले तीन कोस मला नुसता वारा आठवतो, आणि बैल उधळल्यावर मागून आलेल्या शिव्या.

चौथ्या कोसाला चढ लागला, आणि मला वास आला.

सणाच्या दिवशी कढई चढल्यावर घरभर पसरतो तो वास. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मला चक्क भूक लागली. आणि मग कळलं की हा वास आमच्याच गाडीतून येतोय. मागे बघितलं तर निळसर धूर वाटेवर लोंबत राहिला होता. मी डबा घट्ट धरला आणि गप्प बसले. ह्यांनी पंप दाबला की वास वाढायचा. त्यांनी एकदा मान किंचित वळवली, आणि पुन्हा वाटेकडे बघू लागले.

देवी आलेल्या गावात कढई चढत नाही. तळण नाही, फोडणी नाही. देवीआईचं अंग आधीच तापलेलं असतं, तिला तेलाचा चटका सोसत नाही, असं मानतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच गावात वाढले होते.

जांभुळदऱ्याच्या वेशीला कडुलिंबाचं तोरण बांधलं होतं. आम्ही पोचायच्या आधी वास पोचला होता. बाया दारांत येऊन नाकाला पदर लावत होत्या. “कोनाच्या घरी कढई चढली गं?” असं एक म्हातारी ओरडत होती. मग धूर वळणावरून येताना दिसला, आणि धुराच्या पुढे आम्ही.

वेशीत माझे चुलते अर्जुनराव पाटील उभे होते. त्यांनी दोन्ही हात पसरले. ह्यांनी इंजिन बंद केलं.

“जावाईबापू, तिथंच थांबा.”

“तात्या, लस आनलीय. ऊन व्हायच्या आत टोचाय पायजे.”

“लशीचं मागून. आधी सांगा, ह्यो वास कशाचा?”

“गाडीचं तेल हाय.”

“गाडीचं न्हाई, करडईचं हाय. आमाला काय नाकं न्हाईत?” बायांमधून कोणीतरी म्हणालं, “आठ दिस झाले, आमी भाकर-पान्यावर हाओत. आन् ह्ये तळत तळत गावात आले!”

अर्जुनरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “जावाईबापू, तुमचा मान लई मोठा. पर आईचा मान त्याच्याहून मोठा. घराघरात लेकरं निजल्यात. करडई घातली कोनी ह्यात?”

मी पदराआडून तोंड उघडलं. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चुलत्यांकडे वळले.

“म्या घातली,” ते म्हणाले. “एरंडेल कमी पडलं.”

एका टोचणाऱ्याला हे कळू नये? अशी लोकांत कुजबूज झाली. हे खाली मान घालून उभे राहिले.

“सरकारचा हुकूम हाय, तात्या,” एवढं मात्र ते हळूच म्हणाले.

“हुकूम आमाला मंजूर हाय. पर आईला तर इचारावं लागंल. कौल घेतो. तवर भाईरच ऱ्हावा.”

कौल म्हणजे देवीच्या शेंदरी दगडाला दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आधी देवळाची पायरी धुवायची, मग निवद, मग फुलं. ह्यांनी वाद घातला नाही. विहिरीवर जाऊन अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ केली, तेलाचा वास जाईपर्यंत मातीने हात घासले, आणि ओल्या धोतरानेच बाभळीखाली येऊन बसले. सावली तोकडी होती. ती सरकत होती तसतसा मी डबा सरकवत होते. मी विहिरीवरून पाणी आणायची, फडकं भिजवायची, आणि ते बघता बघता सुकायचं.

पहिला कौल डावा. पुन्हा पायरी धुतली. दुसऱ्याला फुलं पडलीच नाहीत, दगडाला चिकटून बसली.

ह्यांनी एकदा डब्यावर तळहात ठेवला. थोडा वेळ ठेवला आणि काढून घेतला. मी विचारलं, “डबा ऊन लागतोय का?”

“लागतोय.”

मी पुन्हा विहिरीवर गेले.

तिसरा कौल उजवा झाला तेव्हा उन्हं कलली होती. हे अनवाणी आत गेले. मारुतीच्या पारावर बसून त्यांनी एकेक पोर टोचलं. छबू पोराला कडेवर घेऊन आली. ह्यांनी हात पुढे केला तशी ती मागे सरली.

“दाजी, आधी लोकायची लेकरं. न्हाईतर म्हंतील, घरच्यालाच दिलं.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. काही बोलायला गेले, पण रांग उभी होती. तिचं पोरगं शेवटचं टोचलं, शेवटच्या नळीतून. पोरगं रडलंसुद्धा नाही, ह्यांच्या मिशीला हात लावत होतं.

फटफटी परत उठली नाही. बैलगाडीला दोराने बांधून ती घरी आणली. आसारामने ती खोलली, आत बोट फिरवलं आणि वास घेतला. “मालक, ह्ये एरंडेल न्हाई. आत सगळी लाख झालीय, लाख. कोनी घातलं ह्ये?”

“म्या,” हे म्हणाले.

“तुमी? म्या येवढं सांगून?”

“घाई व्हती.”

आसारामने मला कधी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तो माझ्याकडे बघायचा तेव्हा मी कामाला लागायची. इंजिनचं आतलं सगळं नवं घालावं लागणार होतं. ते काही आमच्याच्याने झालं नाही. फटफटी गोठ्यात उभी राहिली, आणि हे पुन्हा पायी जाऊ लागले.

आठव्या दिवशी आम्ही दोघंही जांभुळदऱ्याला गेलो. पोरं पारावर गोळा झाली. निम्म्याहून जास्त दंड धरले होते. टपोरे, पाणी भरलेले फोड. आया ते एकमेकींना दाखवत होत्या. अर्जुनरावांनी ह्यांना फेटा बांधायचं काढलं. ह्यांनी “थांबा” म्हणून हाताने खुणावलं. गर्दीत छबू नव्हती.

तिच्या दाराला लिंबाचा टहाळा होता.

ह्यांनी चपला अंगणाबाहेर काढल्या आणि आत गेले. पोरगं लिंबाच्या पाल्यावर निजवलेलं होतं. ह्यांनी अंगड्याची नाडी सोडून दंड उघडा केला. ओरखड्यांच्या बारीक रेघा तेवढ्या सुकल्या होत्या. तिथे काहीच उठलं नव्हतं. उठलं होतं ते कपाळावर, गालांवर. ह्यांनी अंगडं परत खांद्यावर ओढलं, नाडी बांधली, आणि छबूच्या हातातला टहाळा घेऊन पोरावर वारा घालायला बसले. देवी आलेल्या घरी येणारा कोणीही माणूस बसतो, तसे.

“दाजी, टोचलं व्हतं की हो तुमी,” छबू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

“व्हय. टोचलं व्हतं.”

“मंग कावून?”

ते वारा घालत राहिले. मला ते सोसेना. मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, “छबे, त्या दिवशी ते तेल...”

“पानी आन,” हे म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. “लेकराचे ओठ वाळलेत. गार बघून आन.”

मी उठले. रांजणातून तांब्या भरला. मी परत आले तेव्हा छबू भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, आणि हे एका हाताने पोराच्या पायांवरच्या माशा हाकत होते, दुसऱ्या हाताने वारा घालत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगं गेलं. तोपर्यंत ते जेवायलासुद्धा तिथून हलले नाहीत. हात भरून आला की टहाळा या हातातून त्या हातात घेत, आणि पुन्हा वारा घालू लागत.