नणंदबाईंच्या तोंडचं 'छान'

परमेश्वराने जीभ सगळ्यांनाच दिली, पण नणंदबाईंना मात्र धार लावून दिली. गेल्या खेपेला वहिनींनी गच्चीवर लावलेलं लेट्यूस ताटात आलं, तेव्हा त्यांनी एक पान देठाला धरून वर उचललं. पानाने मान टाकली.

"वहिनी, हे खायचं की याच्या उशाशी बसायचं?"

चारचौघांत हसं झालं. याच तोंडून एकदा 'छान' वदवून घ्यायचं, हे वहिनींनी तेव्हाच ठरवलं.

नणंदबाई पुन्हा येणार होत्या रविवारी. आणि गुरुवारी सकाळी वहिनी गच्चीवर बघतात तर लेट्यूसच्या मधोमध दांडे वर आलेले. दांडा चढला की पानं कडू होतात, म्हणजे थांबायची सोय नाही. उन्हं वर यायच्या आत वहिनींनी सगळी पानं कापली, गार पाण्यात बुडवून माती काढली आणि मग कपाळाला हात लावला. ओली ठेवली तर सडणार, उघडी ठेवली तर मागच्यासारखी सुकणार. एकेक टिपत बसलं तर रविवारच उजाडायचा.

"पाणीच झटकायचंय ना?" यजमान म्हणाले. त्यांची हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. "घरात मोटर असताना मनगटं कशाला झिजवतेस?"

त्यांनी उशीच्या धुतलेल्या अभ्र्यात पानं भरली, तोंड बांधलं, गाठोडं वॉशिंग मशीनमध्ये ठेवलं आणि नुसतं पिळायचं बटण दाबून मनगटावरच्या घड्याळात मिनिट मोजायला लागले.

"चुरा झाला ना, तर तुम्हालाच घालीन त्यात."

"मावायचा नाही मी."

चुरा झाला नाही. वहिनींनी पानं कोरड्या फडक्यात गुंडाळली आणि डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. रोज सकाळी प्रार्थना उरकली की त्या फडकं बदलायच्या. प्रार्थनेत काय मागितलं, ते आपण विचारू नये.

रविवारी नणंदबाईंनी पुन्हा पान देठाला धरून उचललं. ताठ उभं. चावलं तर कर्रकन वाजलं. त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं.

"कसं झालंय, वन्सं?"

"मीठ बेताचं आहे."

वहिनींचा चेहरा पडला. ते काही यजमानांना बघवेना.

"अगं, कपड्यांच्या मशीनमधून काढलंय ते," ते बोलून गेले.

टेबलाखालून वहिनींनी पाय मारला, पण उशीर झाला होता. नणंदबाईंचा घास हातातच राहिला.

"मशीनमध्ये कोणी घातलं?"

"ह्यांनी," वहिनी पुटपुटल्या.

"दादाने? बटणसुद्धा?"

"बटणसुद्धा."

नणंदबाईंनी भावाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"याने जन्मात स्वतःचा रुमाल पिळला नाही. आईने हात टेकले याच्यापुढे. आणि तू याच्याकडून मशीन लावून घेतलंस?" त्या वहिनींकडे वळल्या. "छान, वहिनी. फारच छान."

"आणि लेट्यूस?"

"त्याचं काय एवढं," म्हणत त्यांनी वाडगा अख्खाच पुढ्यात ओढला.