उंचीचे पाटे

गाडी उंच करायचं खूळ आमच्या ह्यांच्या डोक्यात घातलं ते मल्हारनं. मल्हार म्हंजे जतकडचा धनगर, दर साली आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. त्याची स्वतःची पिकअप हाय, कोकरं नि बिऱ्हाड वाहायला, नि ती एवढी उंच की चढायचं म्हणलं तर मला साडी गुडघ्यापतूर धरावी लागती. हा बांधावर बसून म्हणला, "आवं काका, गाडीचं पोट दगडाला घासतंय व्हय? मग पोट वर घ्या की. उंचीचे पाटे मिळत्यात सांगलीत." झालं! आमचं मालक दुसऱ्या दिवशी सांगलीला.

पाटे घेऊन आले तवा मी म्हणलं, "साठी उलटली, कंबर धरती, नि आता गाडीखाली झोपणार हायसा का? गॅरेजवाले संपले का इस्लामपुरातले?"

"गॅरेजवाला गाडी ठिवून घेतोय, त्रिशला. तवर संघ घाटात जाईल."

संघ म्हणलं की आमच्या घरात बोलणंच थांबतं.

आमची एकुलती एक लेक, ब्राह्मी, हिनं दीक्षा घेतली. कॉलेज शिकलेली, फाडफाड बोलणारी, बापाशेजारी गाडीत बसून बाजारला हळद घेऊन जाणारी पोरगी. एका चातुर्मासात गावात आलेल्या माताजींच्या, म्हंजे जैन साध्वींच्या, प्रवचनाला गेली ती मनानं तिकडंच राहिली. आता ती आर्यिका, त्यांच्याच संघातनं गावोगाव चालत फिरती. पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी, पाय अनवाणी. गाडीत बसायचं न्हाई, पैशाला शिवायचं न्हाई, दिवसातनं एकदाच जेवायचं, ते पण ओंजळीत. पाणीसुदीक त्याच वक्ताला, मग दुसऱ्या दिवसापतूर घोटभर न्हाई. नाव पण नवं मिळालं, ते माझ्या तोंडात अजून बसत न्हाई. तिला आता लेक म्हणायचं न्हाई, माताजी म्हणायचं. म्हणते मी. नुसतं तोंडानं म्हणते.

आई-बापाला उरतं काय, तर आहार द्यायचा. संघ चालत जाईल तिथं आदूगर पोचून चौका लावायचा, म्हंजे अंघोळ करून शुद्ध कपड्यात सैपाक करायचा, पाणी गाळून उकळून ठिवायचं, नि दारात कलश धरून उभं ऱ्हायचं. माताजी मनात कायतरी खूण धरून निघत्यात. ती ज्याच्या दारात जुळली तिथं थांबायचं, न जुळली तर पुढं जायचं. ह्यांची इच्छा एकच. लेकीनं एकदा आपल्या हातनं घास घ्यावा. दुसरं काय मागणं न्हाई बघा ह्या माणसाचं.

दीक्षेनंतरच्या पहिल्या आहाराला ती आमच्या म्होरनं गेली नि शेजारच्या चौक्यात थांबली. दुसऱ्या खेपेला रहिमतपूरच्या पुढं एका पाणंदीत आमची गाडी दगडावर बसली. चाकं नुसती फिरायची, पोट खाली टेकलेलं. भांडी डोक्यावर घेऊन धापा टाकत पोचलो, तर आहाराचा वकत टळून गेलेला. हे तिथंच पायरीवर बसले. घरला आल्यावर महिनाभर त्या गाडीला शिव्या.

तर गाडी उंच करायचं हे कारण. संघ आता पाटणच्या पुढं सरकणार, कोयनानगरवरनं घाट उतरून कोकणात जाणार, नि तिथनं मुंबईकडं. परत आमच्या मुलखात कवा येईल, कुणी सांगावं? चौका लावायची जागा म्हंजे वाडीवरची एक बंद शाळा, नि तिथवर जायचा रस्ता नुसता दगडधोंड्यांचा.

आमची पिकअप जुन्या जीपच्या घडणीची. म्होरं नि मागं आडवा सरळ एक्सेल, नि त्याच्यावर लोखंडी पाट्यांच्या जुड्या, गाडीचं सगळं ओझं झेलणाऱ्या. नवे पाटे जास्त वाकदार, म्हणून ते गाडीला वर उचलत्यात. दारातल्या चिंचेखाली ह्यांनी चाकांना दगड लावले, जॅकनं गाडी उचलली, खाली लाकडाचे ओंडके दिले. मल्हार दुसरा जॅक घेऊन एक्सेलखाली शिरला. गंजलेल्या नटांना आदल्या सांजेला डिझेल पाजलेलं, तरी सुटंनात मेले. मग ह्यांनी पान्याला पाइप जोडला नि त्याला लोंबकाळले.

मी उंबऱ्यातनं वरडले, "आवं, माकडावाणी लोंबताय काय! लोकं बघत्यात!"

"काकू, काकांचं वजन कमी पडतंय," मल्हार गाडीखालनं म्हणला. "तुमी या."

"तुझ्या बायकूला बोलीव, मुडद्या."

हे हसले. मी पण हसले. ब्राह्मी गेल्यापासनं त्या दारात कुणी हसलेलं मला आठवत न्हाई. मी तिघांचा च्या ठिवला, आलं घालून.

मागचे दोन पाटे बसले, म्होरचा एक बसला. शेवटचा नडला. वाक जास्त, म्हणून पाट्याचं भोक वरच्या कडीच्या भोकाशी जुळंना. मल्हार म्हणला, "दमा काका, जॅकनं एक्सेल जरा सरकवून घेऊ." ह्यास्नी कुठला दम! पहार घातली नि रेटली. पहार सटकली, पाटा उसळला, नि उजवा तळहात अंगठ्याच्या बुडापासनं फाटला. मी हातातलं भांडं तसंच टाकून धावले.

हळद चेपली तरी रगात थांबंना. मल्हारनं आपली गाडी काढली. "काका, बसा, टाके घालून आणतो."

"टाके नको."

"आवं, हाड दिसायचं ऱ्हायलंय!" मी म्हणलं.

"टाके घातले की पट्टी आली. पट्टीच्या हातानं आहार देऊ देत्यात व्हय? हळद चेप. भरंल आपोआप."

म्या लय शिव्या दिल्या. मल्हारनं हात जोडले. पण हा माणूस ऐकंल तर शपथ. मल्हारनं एक्सेल सरकवून भोक जुळवलं, डाव्या हातानं ह्यांनी उरलेले नट आवळले, मल्हारनं गाडी ओंडक्यावरनं खाली घेतली, चाकावर वजन आल्यावर परत एकदा सगळं कचकचून पिळलं. गाडी अशी उंच उभी ऱ्हायली की ह्यांनी वाकून खालनं पल्याडची चिंच बघितली. "बघ त्रिशला, आता घासती का बघू कुठं." उजवा हात फडक्यात, फडकं लालभडक, नि तोंड दिवाळीचं.

निघायच्या दिवसापतूर खपली धरली व्हती. मी रोज बघत व्हते, ते रोज मूठ मिटत व्हते.

पाटणपतूर रस्ता चांगला. त्याच्या म्होरं, वाडीकडं वळलो, नि नव्या पाट्यांनी आपला गुण दावला. गाडी चढली, खोटं कशाला बोलू, जिथं आदी हमखास बसली असती तिथनं बिनघोर वर गेली. पण पाटे कडक नि मागं वजन ते केवढं, चार भांडी नि एक शेगडी. दर दगडाला गाडी उडायची, नि स्टेअरिंग हाताला हिसकं द्यायचं. हे मात्र खुशीत. "लागलं का पोट? लागलं का कुठं?" दर धोंड्याला मला विचारायचे. मी म्हणायचे, "न्हाई लागलं, म्होरं बघा."

शाळेत पोचून अंघोळी केल्या, शेगडी मांडली. ह्यांनी धुवट धोतर नेसलं. मी हात उघडायला लावला. खपली कोरडी व्हती, पण मधनं चिरलेली.

"आज मी देते," मी म्हणलं. "तुमी नुसतं उभं ऱ्हावा."

त्यांनी मूठ मिटून घेतली. मग म्हणले, "तू नऊ महिने पोटात वाढवलीस. मला एक घास तरी घालू दे गं."

मी बाजूला सरले. माझ्यामागं तर वेगळीच धास्ती. घासात केस निघाला, किडा निघाला, रगात दिसलं, न्हाईतर कुणी दुःखानं डोळ्यातनं टिपूस काढलं, की अंतराय. माताजी ओंजळ सोडणार, त्या दिवसाचं अन्नपाणी तिथंच संपलं. म्हणून मी सकाळपासनं दात आवळून व्हते. रडायचं न्हाई, त्रिशला. मेलीस तरी रडायचं न्हाई.

ती आली. लय वाळलेली. डोईवर बोटभर केस, टाचांना भेगा, ऊन खाऊन काळवंडलेलं तोंड. आमी कलश धरून म्हणलं, "हे माताजी, वंदामि, वंदामि, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ." नि ती थांबली. आमच्या दारात थांबली!

आत नेलं, पाय धुतले. ह्यांनी म्हणायचं ते म्हणलं, "मनशुद्धी, वचनशुद्धी..." इथं अडखळले. हाताकडं बघितलं नि म्हणले, "कायशुद्धी."

ती बसली, ओंजळ पुढं केली. ह्यांनी तांब्यातनं पाणी घातलं. एक घोट घेतला तिनं. ह्यांचं तोंड मला अजून दिसतं. मग ह्यांनी ज्वारीची भाकरी घेतली, ब्राह्मीला लहानपणी आवडायची तशी तुपात चुरली, दाबून घास केला नि ओंजळीत ठिवला.

पांढऱ्या घासावर तांबडं बोट उमटलं व्हतं.

तिनं घासाकडं बघितलं. मग ह्यांच्या हाताकडं. खपली उकललेली, मनगटापतूर धार आलेली. ह्यांना ती कळली पण नव्हती, ते दुसरा घास चुरत व्हते. तिची ओंजळ सुटली. घास खाली पडला.

तिनं हात धुतले, डोळे मिटून जरा बसली, पिंछी उचलली. मी साडीचा पदर दातात धरलेला. दाराशी ती थांबली, आमच्याकडं पाठ करूनच.

"हाताला टाके घाला," म्हणली.

तो आवाज माताजींचा नव्हता हो. तो माझ्या पोरीचा व्हता.

दुपारी संघ निघाला. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली खडी, पोटात एक घोट पाणी. आमी शाळेच्या पायरीवरनं बघत ऱ्हायलो. पांढऱ्या साड्या वळणावर एकेक करून दिसंनाशा झाल्या. मुगाचं पातेलं, भाकऱ्या, तूप, सगळं झाकलेलं तसंच. आमी दोघांनी पण त्याला हात लावला न्हाई.

मी म्हणलं, "उद्याचा मुक्काम वर कोयनानगरला हाय. चला, तिथं चौका लावू. उद्या मी देते."

"नको."

"का नको? गाडी हाय, शिधा हाय. घाट उतरल्यावर परत कुठं गाठायची तिला?"

ह्यांनी हाताला फडकं गुंडाळलं. "आपल्या दारात आली नि पोर उपाशी गेली, त्रिशला. उद्या आपुण दिसलो नि परत कायतरी झालं तर? ह्या उन्हात दोन दिवस बिनपाण्याची चालंल ती? दुसऱ्याच्या हातनं जेवू दे. जेवली म्हंजे झालं."

दीक्षेपासनं ह्यांनी तिला कवा पोर म्हणलं नव्हतं. एवढा हट्ट केलेला माणूस, टाके न घालून घेतलेला माणूस, त्यानं आपल्या हातानं भांडी गाडीत भरली नि गाडी घराच्या दिशेला वळवली.

उतरताना गाडी तशीच उडत व्हती. मागं भांडी एकमेकांवर आदळत व्हती. पोट कुठंच लागलं न्हाई, पण आता हे विचारत नव्हते.

वाडी मागं पडली, शाळा मागं पडली, नि मी रडले. गळा काढून रडले. सवयीनं लगेच तोंडावर पदर दाबला.

ह्यांनी गाडी थांबवली नि माझा हात तोंडावरनं काढला.

"रड," म्हणले. "आता कुणाचा घास जात न्हाई तुझ्या रडण्यानं."