चपला उलट्या करून बघणारी

"ही बाई म्हणजे नुसती खाजकुयली आहे हो," नीताने पुस्तक टीपॉयवर आपटलं. "जिच्यातिच्या अंगाला लागते. नवरा सोडून गेला म्हणून आपण हळहळायचं म्हणे. मी म्हणते, तो बिचारा इतकी वर्षं टिकला कसा?"

क्लबहाउसमध्ये हशा पिकला. करंजाड्यातल्या त्या सोसायटीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी वाचनकट्टा भरायचा. कट्टा म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, कोणाच्या तरी घरचे बटाटेवडे आणि पुस्तक. पुस्तक शेवटी, कारण पुष्कळांचा क्रमही तोच असायचा. वडे पूर्ण संपायचे, पुस्तक बहुधा निम्म्यावर राहायचं. मतं मात्र सगळ्यांची तयार असायची.

या वेळचं पुस्तक होतं 'ओली साक्ष'. शवविच्छेदन करणारी डॉ. आभा आणि खाडीकाठी सापडलेलं एका मुलीचं प्रेत, अशी खुनाची कादंबरी. खून कोणी केला याच्याशी कट्ट्याला फारसं देणंघेणं नव्हतं. सगळे त्या डॉक्टरणीवरच तुटून पडले होते.

"हवालदार पंचनामा घेऊन येतो, तर ही म्हणते, आधी दात घासून या," गुरुदत्त म्हणाले. ते निवृत्त इंजिनिअर आणि कट्ट्याचे चालक. "अहो, समोर प्रेत पडलंय आणि हिला हवालदाराच्या तोंडाचा वास येतोय. आणि शेवटी खुनी सापडतो कशावरून? चपलेच्या मातीवरून. हे म्हणजे काहीतरीच झालं."

"मर्डरचा पार्ट मस्त आहे पण," परेश म्हणाला. पनवेलला त्याचं फ्लॅट दाखवायचं ऑफिस होतं आणि कट्ट्यावर तो ओळखी वाढवायला यायचा. "बाई बोअर आहे, पण मर्डर मस्त. मी अजून ठरवलं नाही. मॅडम काय बोलतात बघू."

मॅडम म्हणजे वसुंधरा करमरकर. पंख्याखालची खुर्ची तिची. ती येईपर्यंत तिथे कोणी बसत नसे, आणि चुकून बसलंच तर ती समोर उभी राहून नुसती बघायची. तेवढं पुरायचं. उभं आयुष्य तिने पोस्टाच्या काउंटरमागे काढलं होतं. पाकिटावर पिनकोड न लिहिणाऱ्याला माणसांत धरायचं की नाही, हा प्रश्न तिने तिथे रोज सोडवला होता आणि बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच आलं होतं. निवृत्तीनंतर तो सगळा तुच्छपणा वाया जाऊ नये म्हणून जणू देवानेच वाचनकट्टा काढला.

पुस्तक सोलावं तर वसुंधराने. एका कवीबद्दल ती म्हणाली होती, "कागद चांगला वापरलाय." एका जाड्या ऐतिहासिक कादंबरीला म्हणाली होती, "दाराला अडसर म्हणून उत्तम." लोक ही वाक्यं घरी नेऊन पाहुण्यांना ऐकवायचे. हळूहळू कट्टाच तिच्यासारखं बोलू लागला. नीताची खाजकुयली वसुंधराचीच उष्टी होती. दिवाळीत एका आत्मचरित्राला तिने तीच लावली होती.

रिवाजही तिनेच पाडलेला. चर्चा संपली की टेबलावर दोन वाट्या मांडायच्या, एक 'ठेवा'ची, एक 'काढा'ची. प्रत्येकाने आपला चिंचोका सगळ्यांसमोर हव्या त्या वाटीत टाकायचा. 'ठेवा' जिंकलं तर पुस्तक कट्ट्याच्या कपाटात जायचं आणि पुढच्या महिन्यात लेखकाला बोलावून शाल-नारळ. 'काढा' जिंकलं तर ज्याने ते सर्वांत चांगलं सोललं त्याच्या हाती द्यायचं, त्याने त्याचं काय वाटेल ते करावं. वसुंधराच्या घरी अशा पुस्तकांचा ढीग होता. रद्दीवाला तिला ओळखून होता.

आज मात्र ती आल्यापासून गप्प होती. मांडीवर पुस्तक, पुस्तकावर दोन्ही हात.

पहिल्याच पानावर अर्पणपत्रिका होती, तिथपर्यंत कट्ट्यातलं कोणी पोचलं नव्हतं. अर्पणपत्रिका कोण वाचतं? तिथे लिहिलं होतं : 'मी घरी आले की माझ्या चपला उलट्या करून बघणारीला.' वसुंधराने ते वाचलं तेव्हा गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, शेगडीवर करपलं, तरी ती उठली नाही. मग तिने मलपृष्ठ उलटलं. लेखिका चारुता म्हात्रे. शाळेत शिकवते. नवरा मितेश आणि मुलगी यांच्यासह अलिबागला राहते.

मुलगी. वसुंधराला नात होती, आणि ही बातमी तिला पुस्तकाच्या पाठीवर मिळाली होती.

चारुता कॉलेजात असताना त्या जुन्या पनवेलात राहायच्या. नवरा गेलेला, घरात दोघीच. मुलगी घरात शिरली की वसुंधरा आधी तिच्या चपला उचलायची, उलट्या करायची आणि तळ बघायची. उलटी चप्पल घरात भांडण आणते म्हणतात. त्या घरात भांडणाला आमंत्रण लागत नव्हतं. "आज विचुंब्याकडे गेली होतीस. तांबडी माती आहे." चारुता मान खाली घालायची. एक दिवस तळाला काळा चिखल होता आणि वाळल्यावर त्याच्या कडेला पांढरी किनार धरली होती. उरणच्या पोस्टात काढलेल्या वर्षांमुळे वसुंधराला ती किनार ओळखायला वेळ लागला नाही. मिठागराचा बांध. मग पोरगा कोण, कुठला, सगळं बाहेर आलं. "मीठ विकणाऱ्यांच्या घरात जाऊन काय करणार? खारट होणार?" हे तिचं वाक्य होतं, आणि बोलताना तिला ते फार छान जमलंय असंही वाटलं होतं. चारुताने त्याच चपला पायांत घातल्या आणि ती गेली. लग्नाचा निरोप आला त्यावर वसुंधराने उत्तर दिलं नाही. करंजाड्यात राहायला आल्यावर कोणी विचारलं तर "मुलगी बाहेर असते" एवढंच सांगायची. अलिबागची एसटी पनवेलहून दिवसभर सुटते, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

म्हणून आज तिला हे पुस्तक 'ठेवा'च्या वाटीतून पार न्यायचं होतं. पुस्तक राहिलं तर गुरुदत्त अलिबागला फोन करतील. चारुता येईल, या दारातून आत येईल, आणि बोलवणारी आई नसेल, कट्टा असेल. मग आईने खुर्चीवरून नुसतं उठायचं. एवढं आपल्याला जमेल, असं तिने ठरवलं होतं. स्वतः फोन करणं तिला जमणारं नव्हतं.

"आणि ती पोटच्या पोरीच्या चपला तपासते," नीता अजून थांबली नव्हती. "बाई आहे की कस्टमवाला? अशी आई असेल तर मुलगी पळून नाही जाणार तर काय. मला तर वाटलं शेवटी हिचाच खून होईल. झाला असता तर पुस्तकाला जरा अर्थ आला असता."

पुन्हा हशा. वसुंधराच्या बोटांनी पुस्तकाची कड घट्ट धरली. त्याच प्रकरणात एक वाक्य होतं, ते तिला आता पाठ झालं होतं : 'तिला माती कळायची. मुलगी कुठे जाते ते कळायचं. का जाते ते तिने कधी विचारलं नाही.' हे वाक्य इथल्या एकाही माणसाच्या डोळ्याखालून गेलं नव्हतं, किंवा गेलं असेल तर वड्याबरोबर गेलं होतं. या लोकांचा तिला इतका तिटकारा याआधी कधी आला नव्हता. आणि ते तिच्याच भाषेत बोलत होते, ही त्यातली सगळ्यात घाण गोष्ट होती.

"चला, मॅडम," गुरुदत्त हात चोळत म्हणाले. "आता तुम्ही. आम्ही कधीची वाट बघतोय."

वसुंधरा म्हणाली, "पुस्तक चांगलं आहे."

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग परेशने मांडीवर थाप मारली आणि सगळे खो खो हसले.

"हसू नका. खरंच चांगलं आहे. लिहिणारीला माणूस दिसतो."

"कमाल आहे हो," नीता डोळे पुसत म्हणाली. "आणि चेहरा बघा, हलत नाही जरा."

"मी गंमत करत नाहीये." तिचा आवाज चढला. आवाज चढला की तो पोस्टातला व्हायचा, आणि त्याचीच तर कट्ट्याला चटक होती. "ती बाई तुसडी आहे, पण ती खरी आहे. अशा बाया असतात. त्यांना दुसरं काही येत नाही. पुस्तक ठेवायला हवं. लेखिकेला बोलवायला हवं इथे. शाल द्यायला हवी."

"शाल," परेशला श्वास घेता येईना. "मॅडम, लेव्हल आहे. ती बिचारी अलिबागवरून येणार, आणि तुम्ही इथे तिला..."

"समोर बसवून झाडणार," गुरुदत्तांनी वाक्य पुरं केलं. "नको हो. आपल्याला पाप लागेल."

तिने पुन्हा तोंड उघडलं. 'ती माझी मुलगी आहे' एवढेच शब्द होते, जिभेवर आलेही होते. पण समोर ती हसून लाल झालेली तोंडं होती. ही तोंडं आता गप्प होणार, मग लांब होणार, मग 'अरेरे' म्हणणार, आणि दयेपोटी चिंचोके टाकणार. चारुताच्या पुस्तकाला यांची दया? तिच्याच्याने ते होईना. आणि त्यालाही ते आणखी एक गंमतच म्हणतील, अशी भीती होतीच. तोवर गुरुदत्तांनी वाट्या मांडल्या.

चिंचोके पडू लागले. 'काढा', 'काढा', 'काढा'. परेश आपला हातात खेळवत आला. "मी खरं तर ठेवणार होतो. पण मॅडमनी एवढी धुलाई केल्यावर ठेवायचं म्हणजे आपणच येडे," तो म्हणाला आणि त्याचाही तिकडेच गेला.

वसुंधराने आपला चिंचोका 'ठेवा'च्या वाटीत टाकला. त्यावर टाळ्या पडल्या. गंमत शेवटपर्यंत नेली म्हणून.

त्या वाटीत आणखी एकच पडला, रोशनीचा. ही विचुंब्याची सून, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेली. ती कट्ट्यावर फारसं बोलायची नाही, कारण बोलली की नीता भुवया उंचावून बघायची. वसुंधरानेही तिला आजवर 'काय गं' पलीकडे विचारलं नव्हतं.

गुरुदत्तांनी पुस्तक उचललं, त्यावर टेबलावरच्या फुलाच्या दोन पाकळ्या ठेवल्या आणि वाकून वसुंधराच्या हाती दिलं. "मॅडम, आजचं सालपट तुमचं. बिनविरोध." तिने ते घेतलं. पाकळ्या झटकून पिशवीत घातलं. वड्याला हात न लावता ती निघाली.

पार्किंगमध्ये रोशनी स्कूटी काढत होती. "काकू," ती म्हणाली, "तुमी खरंच सांगत होतात ना? त्यांना कळलाच नाय."

"तुला काय करायचंय?"

"काय नाय." ती वरमली नाही. "माझी आय पन अशीच हाय, त्या डॉक्टरनीवानी. तोंडाची फाटकी. मी माहेराला गेले का एक सबद गोड बोलत नाय. पन गुपचूप बसून भाकऱ्या थापते, आनि मी निघेपर्यंत थापतच ऱ्हाते."

"आणि तरी तू जातेस?"

"जाते ना. ती काय माझ्याकडं यायची नाय. मंग कोनीतरी जायला नको?"

वसुंधराने तिच्याकडे पाहिलं, मग स्कूटीकडे. "मागचं चाक बसलंय. आधी हवा भर. रस्त्यात पडशील आणि मग लोकांना त्रास," ती म्हणाली आणि लिफ्टकडे वळली. रोशनी हसली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घराशी आल्यावर वसुंधराने चपला काढल्या. सवयीने वाकली, उचलल्या आणि उलट्या केल्या. तळ स्वच्छ होते. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकची थोडी राखाडी धूळ, बाकी काही नाही. ना तांबडी माती, ना काळी, ना कडेला पांढरी किनार. ही बाई कुठून आली, असं कोणी विचारलं असतं तर या चपलांवरून काहीही सांगता आलं नसतं. ती कुठे गेलीच नव्हती.

चपला हातात धरूनच ती उंबऱ्यावर बसली. शेजारचं दार उघडलं, कोणीतरी "काय काकू, काही हरवलं का?" विचारलं. तिने नेहमीसारखं काही फाडकन उत्तर दिलं नाही. "नाही," एवढंच म्हणाली.

मग तिने चपला खाली ठेवल्या. रोज ती त्या भिंतीकडे तोंड करून लावायची. आज तिने त्या जिन्याकडे तोंड करून ठेवल्या, सकाळी सरळ पाय घालून निघता येईल अशा, आणि पुस्तकाची पिशवी दाराच्या आतल्या खुंटीला अडकवली.